बर्गंडी, वाटण्या आणि गुणिले तीन

रेस्टॉरंटच्या वाईन लिस्टमागे एक फॉर्म्युला असतो आणि तो समजायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. बाटलीची घाऊक किंमत गुणिले तीन. कुठे अडीच, कुठे साडेतीन, पण गुणाकार काही सुटत नाही. साध्या वाईनच्या बाबतीत माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही. हॉटेलवाल्याला भाडं भरायचं असतं, पगार द्यायचे असतात, ग्लास फुटतात. पण हाच गुणाकार बर्गंडीच्या नामवंत बाटल्यांना लावला जातो तेव्हा माझ्यातला हिशोबनीस जागा होतो. 'महाग आहे बुवा' एवढंच रडगाणं नाहीये हे. दुर्मिळ गोष्ट महाग असणारच. माझं म्हणणं असं की जिथे बेरीज करायला हवी तिथे आपण गुणाकार करतोय, आणि त्यामुळे एक पिण्याची वस्तू हळूहळू शेअर सर्टिफिकेट होत चालली आहे.

आधी बर्गंडी म्हणजे काय ते थोडक्यात. (ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) फ्रान्सच्या पूर्व भागात दिजों शहराच्या दक्षिणेला कोत दोर नावाचा एक लांबट, चिंचोळा डोंगरउतार आहे. लाल वाईन पिनो न्वार या द्राक्षाची, पांढरी शार्डोनेची. बस्स, इथे व्हरायटीचा विषय जवळपास संपला. बाकी सगळा खेळ जमिनीचा. द्राक्षं कुठल्या गावची, उताराच्या कुठल्या पट्ट्यातली, कुठल्या वावरातली. या वावरांना तिथे 'क्लिमा' म्हणतात, आणि २०१५ साली युनेस्कोने असे १,२४७ क्लिमा जागतिक वारशाच्या यादीत घेतले. प्रतवारी चार पायऱ्यांची. सगळ्यात खाली प्रदेशाच्या नावाची वाईन, म्हणजे नुसतं 'बूरगोन्य'. मग गावाच्या नावाची, मग प्रीमिए क्रू आणि सगळ्यात वर ग्राँ क्रू. ग्राँ क्रू म्हणवणारी नावं फक्त ३३, आणि बर्गंडीच्या एकूण उत्पादनात त्यांचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी.

आता गंमत बघा. ज्याच्या घरी शेती आहे त्याला सातबाऱ्यावर नावं कशी वाढत जातात ते सांगायला नको. बर्गंडीत तेच झालं. नेपोलियनच्या काळापासून फ्रान्सच्या कायद्यात सगळ्या मुलांना वारसाहक्काने वाटा मिळू लागला, आणि दर पिढीत वाटण्या होत गेल्या. क्लो द वूजो नावाचा भिंत घातलेला सुमारे ५० हेक्टरचा मळा आहे. मध्ययुगात सिस्टर्शियन साधूंनी तो उभा केला, राज्यक्रांतीत तो जप्त झाला, १८८९ साली त्याची विभागणी झाली आणि आज त्याचे सुमारे ८० मालक आहेत. सगळ्यांच्या लेबलवर 'ग्राँ क्रू' हेच शब्द. पण वरच्या अंगाची जमीन निचऱ्याची, खालची रस्त्यालगतची पाणी धरून ठेवणारी. शिवाय एकाचा हात चांगला, दुसरा आपला कसाबसा पाट्या टाकणारा. त्यामुळे एकाच नावाच्या दोन बाटल्यांच्या किमतीत कित्येक पट फरक असतो, आणि तो रास्तही असतो.

याच वाटण्यांमुळे माल अगदी थोडा असतो. बोर्दोतल्या शातो लाफितकडे शंभरहून अधिक हेक्टर द्राक्षबागा आहेत. बर्गंडीतलं सगळ्यात प्रसिद्ध वावर रोमाने-काँती. ते भरतं १.८१ हेक्टर, म्हणजे साडेचार एकरच्या आसपास. वर्षाला बाटल्या निघतात पाच-सहा हजार. घेणारे मात्र जगभर. हाँगकाँगने फेब्रुवारी २००८ मध्ये वाईनवरची ड्यूटी शून्यावर आणली, तेव्हापासून तर रांग आणखीनच लांबली.

मग या पाच-सहा हजार बाटल्या नक्की कुणाला मिळतात? इथे आयपीओ भरणाऱ्या मंडळींना लगेच उलगडा होईल. उत्पादक आपली किंमत ठरवतो, पण बाजारात जेवढी मिळेल तेवढी लावत नाही, त्यापेक्षा बरीच खाली ठेवतो. मग ठरलेल्या आयातदारांना ठरलेला कोटा. आयातदार तो कोटा जुन्या दुकानांत आणि रेस्टॉरंटांत वाटतो. दुकानदार आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत. ज्याला अलॉटमेंट मिळाली त्याच्या हातात माल पडताक्षणी नफा. ज्याला नाही मिळाली त्याच्यासाठी ग्रे मार्केट आहेच, तिथे प्रीमियम मोजा आणि घ्या.

उत्पादक किंमत सरळ वाढवून टाकत का नाही? कारण त्याला दरवर्षी विकायचं असतं. एप्रिल २०२१ मध्ये हिमतुषारांनी बर्गंडीतले कोंब जाळले आणि पीक फारच कमी आलं. २०२४ साली पावसानं आणि बुरशीनं पुन्हा तेच केलं. अशा वर्षी जो आयातदार नाक न मुरडता माल उचलतो, त्यालाच चांगल्या वर्षी चांगल्या बाटल्या मिळतात. हे नातं आहे, नुसता सौदा नाही. अर्थात नात्याची दुसरी बाजूही आहे. एक दुर्मिळ बाटली हवी असेल तर सोबत डझनभर साध्या बाटल्या घ्याव्या लागतात. युरिया घ्यायला गेलं की दुकानदार सोबत भलतंच खत गळ्यात मारतो, त्याला आपल्याकडे लिंकिंग म्हणतात. बर्गंडीत त्याला परंपरा म्हणतात, एवढाच फरक.

आता दुकान. माझं मत कदाचित विचित्र वाटेल, पण दुकानदाराने नामवंत बाटलीला बाजारभाव लावला तर मी त्याला दोष देणार नाही. १९९९ पासून वाईन-सर्चर नावाची साईट आहे. जगातल्या कुठल्या दुकानात कुठली बाटली कितीला आहे ते ती एका क्लिकवर दाखवते. त्यामुळे जुन्या भावाचं स्टिकर लावून धूळ खात पडलेली बाटली आपल्याला सापडेल ही आशा सोडा. दुकानदाराने स्वस्तात विकली तरी ती कोणी प्यायला नेतोय की लिलावात टाकायला, हे त्याला कळायला मार्ग नाही. बाटली बंदच बाहेर जाते, आणि बंद बाटलीला काही आयुष्यभर बंधन घालता येत नाही.

बंद बाटली कुठवर जाऊ शकते याचं टोकाचं उदाहरण ऑक्टोबर २०१८ चं. न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात १९४५ सालची रोमाने-काँतीची एक बाटली ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. अंदाज होता ३२ हजारांचा. त्या वर्षी एकूण बाटल्याच फक्त ६०० भरल्या होत्या. अशी बाटली कोण उघडणार हो? आणि जी उघडायची नाही तिच्या आत काय आहे याने तरी काय फरक पडतो? नेमकी हीच फट रूडी कुर्नियावानने शोधली. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात पाँसो या डोमेनच्या क्लो सँ-दनीच्या १९४५ ते १९७१ या सालांच्या बाटल्या आल्या. मालक लोरां पाँसो स्वतः तिथे हजर झाले, कारण त्यांच्या घराण्याने ही वाईन बनवायला सुरुवातच १९८२ साली केली होती! कुर्नियावानवर खटला चालला, डिसेंबर २०१३ मध्ये तो दोषी ठरला आणि २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. बाटल्या उघडल्या जाणार नाहीत याच भरवशावर नकली मालाचा धंदा चालतो. देवगड छापलेल्या पेटीत भलतीकडचा आंबा घालणारा निदान आपण पेटी उघडून आंबा खाणार एवढं तरी गृहीत धरतो.

म्हणूनच रेस्टॉरंटची गोष्ट दुकानापेक्षा वेगळी आहे. तिथे बाटली तुमच्या समोर उघडते. बूच निघालं की शेअर सर्टिफिकेट संपलं, उरली ती वाईन. उत्पादक रेस्टॉरंटांना आवर्जून कोटा देतात त्यामागे हेच कारण असतं. पिणारा माणूस मिळण्याची खात्री असलेली जवळपास ही एकच जागा. आणि नेमक्या याच जागेवर आपण 'गुणिले तीन'चा दगड ठेवलाय.

जरा आकडे मांडू. समजा एक साधी बाटली रेस्टॉरंटला १५ डॉलरला पडते, लिस्टवर ४५ ला येते. सुटले ३० डॉलर. दुसरी, चांगल्या घराण्याची ग्राँ क्रू, कोट्यातून ३०० ला पडते आणि लिस्टवर ९०० ला येते. सुटले ६००. काम काय वेगळं झालं? वेटर तोच, बूच काढायचा स्क्रू तोच, टेबल तेच. ग्लास जरा मोठा आणि पातळ, सोमेलिए दोन मिनिटं जास्त बोलला. या जादा दोन मिनिटांचे ५७० डॉलर?

आपल्या पिढीने हा प्रश्न एकदा सोडवलेला आहे. पूर्वी शेअर ब्रोकर टक्क्यात दलाली घ्यायचे. दहा हजारांचा सौदा करा की दहा लाखांचा, सर्व्हरवर तेवढंच काम, पण दलाली शंभर पट. मग डिस्काउंट ब्रोकर आले आणि ऑर्डरमागे ठरलेली रक्कम घेऊ लागले. त्यानं बाजार बुडाला नाही, उलट गिऱ्हाईक वाढलं.

रेस्टॉरंटवाल्यांकडे या प्रश्नाचं उत्तर आधीपासून आहे, फक्त ते दुसऱ्या पानावर लिहिलेलं असतं. त्याचं नाव कॉर्केज. परवानगी असेल तिथे तुम्ही स्वतःची बाटली नेली तर ती उघडून, वाढून देण्याचे ठरावीक पैसे घेतात. साधारणपणे बाटली विसाची असो की दोन हजारांची, कॉर्केज तेवढंच. म्हणजे सेवेची किंमत बाटलीच्या किमतीवर अवलंबून नसते हे त्यांनाही मान्य आहे. मग तीच बाटली त्यांच्या तळघरातून आली की गणित का बदलावं?

यावर रेस्टॉरंटवाल्यांचं म्हणणं काय असतं तेही प्रामाणिकपणे पाहू.

पहिलं, भांडवल अडकतं. बरोबर आहे. मग ते मोजा ना! ३०० डॉलर पाच वर्षं आठ टक्क्यांनी अडकले तर व्याज होतं सुमारे १४०. थंड तळघर, विमा, एखादी बाटली बूच लागून खराब निघाली तर तिचं नुकसान, याचे आणखी ३० धरा. सेवेचे ६० धरा, म्हणजे साध्या बाटलीच्या दुप्पट. ३०० अधिक १४० अधिक ३० अधिक ६०, झाले ५३०. ही बेरीज मी आनंदाने मान्य करतो. पण बहुतेक ठिकाणी पाच वर्षं सांभाळतो कोण? माल येतो आणि पुढच्या महिन्यात लिस्टवर चढतो. ज्या वाईनला दहा वर्षं झोपू द्यायला हवं ती तिसऱ्या वर्षी उठवून तिचे ९०० घेतात. आपण सांभाळण्याचे पैसे देतो आणि हातात कच्ची कैरी येते.

दुसरं, महाग बाटल्यांच्या नफ्यावरच स्वस्त बाटल्या आणि जेवण चालतं. ऐकायला छान. पण ३० डॉलरचा नफा देणाऱ्या बाटल्या रोज खपतात. ९०० ची बाटली वर्षभर तशीच उभी राहिली तर तिचा नफा कागदावरच. ५३० ला ती दोन आठवड्यांत गेली असती आणि पैसा मोकळा झाला असता. टक्केवारी पाहणारा मालक ही गोष्ट विसरतो. बँकेत टक्के भरता येत नाहीत, डॉलरच भरावे लागतात.

तिसरं म्हणणं सगळ्यात वजनदार आहे. बाजारात हजाराला असलेली बाटली आम्ही ५३० ला लावली, तर चार चाणाक्ष लोक पहिल्याच आठवड्यात सगळ्या पिऊन टाकतील. खरं आहे, असे लोक असतात. वाईन लिस्ट नेटवर शोधून, चुकून स्वस्त राहिलेली बर्गंडी हेरून टेबल बुक करणारे. पण त्यावर उपाय किंमत वाढवणं एवढाच नाही. एका टेबलाला एकच बाटली, बाटली इथेच उघडायची, इथेच प्यायची, रिकामी परत मिळणार नाही. (शेवटची अट महत्त्वाची. रिकाम्या खऱ्या बाटल्या हा नकली मालाचा कच्चा माल असतो.) आणि समजा चार चाणाक्ष लोकांनी प्यायल्या, तर बिघडलं काय? प्यायल्या ना!

हे नुसतं पुस्तकी नाही. फ्लोरिडातल्या टँपा शहरात बर्न्स स्टेक हाउस म्हणून १९५६ साली सुरू झालेलं रेस्टॉरंट आहे. त्यांच्या तळघरात आणि गोदामात लाखो बाटल्या आहेत. दशकांपूर्वी घेतलेल्या जुन्या बर्गंडी तिथे बाजाराच्या मानाने बेताच्या भावात मिळण्याबद्दल ते प्रसिद्ध आहे. लोक विमानाने तिथे जेवायला जातात. रास्त भाव ही जाहिरातही असते.

अर्थात सगळ्या लिस्टवर बेरीजच करा असंही मी म्हणत नाही. १५ च्या बाटलीवर सरसकट ६० लावले तर साधी वाईन उगाच महाग होईल. एका मर्यादेपर्यंत गुणाकार, त्यानंतर ठरावीक रक्कम, इतकं सोपं आहे. कोडच्या भाषेत दोन्हींपैकी जो आकडा कमी तो घ्या. एका ओळीचं काम.

आता आपल्याकडे वळू, कारण इथे गुणाकाराचा अर्थ आणखीनच विचित्र होतो. भारतात आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम ड्यूटी लागत आली. म्हणजे १०० युरोची बाटली बंदरातून बाहेर पडताना २५० ची. राज्याचे कर सोडून देऊ. त्यावर गुणिले तीन केलं की ७५०. यात कराचा भाग मूळ १५०, पण गिऱ्हाइकाने त्यापोटी भरले ४५०. सरकारला १५० मिळाले, उरलेले ३०० हा निव्वळ करावरचा नफा. मुंबई-पुण्याच्या हॉटेलात आकडा बघून आपण सरकारला शिव्या घालतो. घालाव्यात, पण अर्ध्याच. बाकीच्या अर्ध्या गुणाकाराला.

आणि हे सगळं फक्त पिणाऱ्याच्या खिशापुरतं नाही. बाटलीचे भाव चढले की जमिनीचे चढतात. हिंजवडीच्या आसपास राहणाऱ्यांनी हे डोळ्यांदेखत पाहिलंय, जमिनीचा भाव पिकाशी फारकत घेतो तेव्हा शेतकऱ्याचं काय होतं ते. बर्गंडीत वारसाकर जमिनीच्या बाजारभावावर बसतो. बाप गेला की मुलांना एवढा कर भरणं वाईन विकून जमत नाही, मग वावरच विकावं लागतं. घेणार कोण? २०१४ साली क्लो दे लांब्रे एलव्हीएमएचने घेतलं. २०१७ साली क्लो द तार हे साडेसात हेक्टरचं ग्राँ क्रू फ्रान्स्वा पिनो यांच्या कंपनीकडे गेलं. ११४१ सालापासून त्याआधी त्याचे फक्त तीनच मालक झाले होते, आधी जोगिणींचा मठ आणि मग दोन घराणी. त्याच २०१७ साली बोनो द्यू मार्त्रे या डोमेनमधला मोठा हिस्सा आर्सेनल क्लबचे मालक स्टॅन क्रोन्के यांनी घेतला. उत्पादकाने आपली वाईन बाजारभावाखाली विकली, मधल्यांनी फरक खाल्ला, आणि त्या फुगलेल्या भावावर बसलेला कर मात्र त्याच्या मुलांनी भरायचा. याला काय म्हणावं?

मग आपण काय करावं? दुकानात आधी उत्पादकाचं नाव बघा, वावराचं नंतर. चांगल्या हाताची गावठी बाटली आळशी हाताच्या ग्राँ क्रूपेक्षा नेहमी बरी. जोडनावांना भुलू नका. जेव्रे या गावाने १८४७ साली आपल्या सगळ्यात नामांकित वावराचं नाव स्वतःला जोडून घेतलं आणि ते जेव्रे-शांबर्तँ झालं. नुसतं 'शांबर्तँ' ग्राँ क्रू आणि 'जेव्रे-शांबर्तँ' ही गावाची वाईन, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. मार्साने, सांतने, साविन्यी, सँ-तोबँ, आणि थोडं दक्षिणेला मेर्क्युरे, जिव्री, रुयी, ही नावं पाठ करा. द्राक्षं तीच, मेहनत तीच, फक्त लिलावात त्यांच्या नावाने पाट्या वर होत नाहीत. आणि रेस्टॉरंटमध्ये सोमेलिएला सरळ आकडा सांगा, एवढ्यात बर्गंडी द्या. लाजायचं काही कारण नाही. लिस्टवरची महागडी बाटली गुणिले तीनने लावलेली दिसली तर ती तशीच राहू द्या. वर्षभर न खपलेली बाटली मालकाला जे शिकवते ते कुठलाही लेख शिकवू शकत नाही.

आणि जिथे बेरीज केलेली दिसेल, तिथे पैसे साठवून का होईना, एकदा जरूर जा. बाटली उघडा, चौघांत वाटून प्या. बर्गंडीतल्या वाटण्यांपैकी एवढी एकच वाटणी अशी आहे जिच्यात कुणाचंच नुकसान होत नाही.